राईतले चाळीस बिल्ले

३ डिसेंबर
पोचलो एकदाचा. तीन वर्षं शीवच्या रस्त्यांवर झाडं मोजली, आता कोकणातली राई. लालबागच्या हितेंद्रला एवढी हिरवळ सोसली म्हणजे मिळवली. राई दोन-अडीच एकरांची, वरच्या आणि खालच्या गावाच्या मधोमध. उतरलोय वरच्या गावातल्या कमळाबाईंकडे. कुळथाची पिठी आणि भात असा काही वाढला की कमरेचा पट्टा सैल करावा लागला. दोन्ही गावं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे. मला काय त्याचं?

४ डिसेंबर
चाळीस झाडांना नंबरचे पत्र्याचे बिल्ले ठोकले, सगळे खांद्याच्या उंचीवर. इथे राईतलं वाळकं पानही कुणी बाहेर नेत नाही, पण खिळ्याचं कोण विचारतो? मुंबईत झाड दिसलं की आपण बोर्ड ठोकतोच.

५ डिसेंबर
कमळाबाईंच्या डाव्या खांद्याला फडकं. विचारलं तर म्हणाल्या, काटो लागलो. दुकानदार रघुवीरच्याही खांद्याला फडकं, अगदी त्याच जागी. दोघांना एकच काटा कसा लागेल? ही माणसं माझ्यापासून काहीतरी लपवतायत. चहा देतानाही कमळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

६ डिसेंबर
खालच्या गावात गेलो. तिथेही फडकी. मला बघून बाया बोलायच्या थांबल्या. मी मोजत सुटलो. दोन्ही गावांची मिळून बरोबर चाळीस भरली.

७ डिसेंबर
शेवटी गणपत गुरवाने सांगितलं. मूल जन्मलं की राईत त्याच्या नावाचं रोप लावतात. झाडाला होतं ते माणसाला होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन एक खिळा उपटला. गावातून किंकाळी आली. रघुवीरचा सदरा रक्ताने भिजला होता. आता बाकीच्या खिळ्यांना मला हात लावू देत नाहीत.

८ डिसेंबर
रघुवीर गेला.
एकमेकांशी न बोलणारी दोन्ही गावं आज देवळात एकत्र बसली. गणपतने माझं पूर्ण नाव विचारलं. आईचंही. मी सांगितलं — का सांगितलं?

९ डिसेंबर
माझ्या नावाचं रोप लावलंय. टीचभर, सहा पानांचं. कुणी अडवत नाही, जायचं तर जा म्हणतात. मीच राईत रोपाजवळ बसलोय. बाकीच्या रोपांना कुंपण आहे. ह्याला नाही —

शेळ्या सोडल्यात. एक हाकलली तर दुसरी —
एक पान गेलं. डावा हात बधिर.
पाय उचलत नाहीत. आई, मी इथे

दुसरं पा