खापरातला मोगरा

॥ श्री एकवीरा देवी प्रसन्न ॥
सोनगीर, २८ मार्च २०२५

सौ. भाविकास बेबाबाईचे अ. आ.

मी फोन उचलत नाही तो काही कान गेले म्हणून नाही. कान माझे धड शेतस. शेजारी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मी खाटेवरून सांगते. फोन उचलत नाही कारण मागच्या खेपेला तू तो भिंतीला टेकवून ठेवलास, आणि मिरच्या कुटता कुटता मी आमच्या म्हाताऱ्याला, आबांना, जे जे बोलली ते बठ्ठं गावाने पाहिलं. आता हायवेच्या थांब्यावर पोरं आबांना तेच ऐकवतात. आबांना मजा वाटते, मला वाटत नाही. कागद बरा. कागद गात नाही, आणि कोणाला दाखवलास तरी माझं अक्षर लागणार नाही.

तुझं आणि माझ्या नातवाचं, योगराजचं, घर वास्तुशांतीला पाहिलं. चांगलं शे. पण बाटल्यांत वेल लावून ओळीने मांडल्यात ते काय? आबा विचारत होते, आधी त्या बाटल्यांत काय होतं. मी म्हटलं औषध असेल. आमच्या दारची गुलबस मोरीच्या पाण्यावर वाढते, तिला कोणी बाटली दिली नाही.

आता कामाचं. यंदाची आखाजी, तुमची ती अक्षय्य तृतीया, तुमच्याकडे, जळगावला. तुझी आजी सुगंधाबाई फैजपूरहून येणार, मीही येणार. तुझ्या लग्नात तिने माझी पुरणपोळी दोन बोटांत धरली, मेलेली पाल धरावी तशी, आणि साऱ्या विहिणींत म्हणाली की धुळ्याकडच्या पोळ्या जरा अंगाने असतात, म्हणजे जाड. दोन वर्षं झाली, माझा घास नीट उतरत नाही. यंदा तिच्यासमोर अशी पोळी काढणार की आरपार तिला तिचंच नाक दिसलं पाहिजे. नाही निघाली तर पुन्हा कणकेला हात लावणार नाही. आबांनी भात खावा.

हिलालचा कांद्याचा टेम्पो सोमवारी जळगावला येतोय. त्याच्या हाती एक वस्तू देते. काय ते लिहीत नाही, सुगंधाबाईची नात तू, पाहताच ओळखशील. माझ्या सासूची शे. जपून ठेव, स्वच्छ ठेव. पोकळी रिकामी जात होती म्हणून त्यात मोगऱ्याचं रोप बसवलं, तू मागत होतीस ते.

म्हैस आटली. बाकी बरं. लोभ आहेच, वेगळा मागायला नको.

बेबाबाई

*

मेहरूण, जळगाव
७ एप्रिल २०२५

ती. मोठ्या मायच्या चरणी भाविकाचा सा. न. वि. वि.

तो व्हिडिओ काढून टाकला, शप्पथ. पण लोक अजून विचारतात की आबा पुढे काय बोलले. मी सांगितलं, आबा काही बोलत नाहीत.

मोठी माय, तुमची कुंडी! इतकी रुंद, गोल बुडाची कुंडी जळगावात शोधूनही मिळणार नाही, आणि त्यात मोगरा लावूनच पाठवलात. तुम्हाला सजावट आवडत नाही असं कोण म्हणतं? फक्त फार मळली होती. आतून काजळी, बाहेरून तेलकट चिकट थर. स्वच्छ ठेव म्हणालात म्हणून तीन दिवस काथ्या आणि राखेने घासली, तेव्हा कुठे मातीचा खरा रंग दिसला. मग बाहेरून गेरू आणि चुन्याने मोर काढला. पाणी जायला भोक नव्हतं, ते यांनी ड्रिलने बुडाला बरोबर मधोमध पाडलं. खत घालून मोगरा लावला आणि सुतळीचं शिंकं विणून बाल्कनीत टांगला. सात कळ्या आल्यात. खालच्या पुष्पाबाई रोज येऊन विचारतात, कुठून आणली. फोटो सोबत जोडते.

आखाजीची तयारी चालू आहे. आमच्या आजीचा फोन होता. म्हणाली, बेबाबाई पोळ्या करणार असतील तर मी नुसती बसून बघेन, माझा हात दुखतो.

आबांना नमस्कार. माझ्यावर अशीच माया ठेवा आणि फोन उचला.

तुमची,
भाविका

*

सोनगीर, १२ एप्रिल

भाविकास आशीर्वाद, थोडे राखून.

पत्र आलं. आबांनी मला आधी पाणी दिलं, मग बसायला सांगितलं, मग फोटो दिला.

ती कुंडी नाही. खापर शे ते! चुलीवर पालथं घालतात आणि त्याच्या पाठीवर पोळी भाजतात. ती पोळी पोळपाटावर लाटत नाहीत. हातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर टाकत कोपरापर्यंत वाढवायची आणि खापरावर सोडायची. सासूच्या आणि माझ्या मिळून साठ आखाज्या त्या खापरावर निघाल्या. तेल पिऊन पिऊन त्याची पाठ आरशासारखी झाली होती, म्हणून पोळी चिकटत नव्हती. तू तीन दिवस घासलास तो मळ नव्हता माय, ती साठ वर्षं होती.

आणि योगराजला सांग, आजी येईपर्यंत त्या ड्रिलला हात लावायचा नाही. लहानपणी कधी एक खिळा सरळ ठोकला नाही, आणि भोक बरोबर मधोमध पाडतो.

झुलाल कुंभाराकडे जाऊन आली. तो म्हणतो नवं देतो, पण नवं खापर पहिल्या वर्षी पोळीला धरून बसतं, सोडत नाही. सुगंधाबाईसमोर मी उलथन्याने पोळी खरवडू का? तेव्हा आता ऐक. मोगरा काढ, गळक्या बादलीत लाव. फुलाला कळत नाही आपण कशात शे. मोर धुऊन टाक. रोज संध्याकाळी खापर मंद तापवायचं आणि पाठीवर तेलाचं फडकं फिरवायचं. साठ वर्षं पंधरा दिवसांत येणार नाहीत, पण चार-दोन आली तरी पुष्कळ.

आबा म्हणतात खापरात रोप घालून पाठवलं कोणी. मी आबांना गप्प बसा म्हटलं. हे व्हिडिओत घालू नको.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सुगंधाबाईच्या घरात तू वाढलीस आणि तुला खापर ओळखू येत नाही? तुमच्याकडे आखाजीला पोळ्या कशावर व्हायच्या? उलट टपाली कळव. लोभ सध्या आहे तेवढाच.

बेबाबाई

*

मेहरूण, १६ एप्रिल

ती. मोठ्या मायला सा. न., कान धरून.

दोन दिवस रडले. हे म्हणाले, आजी चिडली म्हणजे बरी आहे, गप्प झाली की घाबरायचं. मोगरा तेलाच्या डब्यात हलवला. डबा अजून रंगवलेला नाही, खरंच. एक कळी पडली, सहा आहेत. मोर धुतला. पिसारा गेला, मान गेली, पण एक पाय काही केल्या जात नाही. मातीत पार मुरलाय. तेल रोज लावते.

तुम्ही विचारलंत ते मी खूप आठवून पाहिलं. आखाजीला आम्हा पोरांना स्वयंपाकघरात येऊ देत नव्हते, धूर असतो म्हणून. शेजारच्या कोकिळाबाई त्या दिवशी सकाळी मागच्या दाराने यायच्या आणि दुपारी नारळ आणि खण घेऊन जायच्या. मग आजी पोळ्यांनी भरलेला मोठा डबा घेऊन बाहेर यायची. एवढ्या पोळ्या करूनही तिच्या हाताला कधी पीठ नसायचं. आम्हाला त्याचं फार कौतुक वाटायचं.

उरलेली माया राहू द्या.

भाविका

*

सोनगीर, २१ एप्रिल

चि. सौ. भाविकास अनेक आशीर्वाद, पूर्ण.

कोकिळाबाईचं वाचलं. आबांकडून पुन्हा वाचून घेतलं. दोन वर्षांनी आज मी तीन भाकरी खाल्ल्या.

पायाचं राहू दे. भोकाला काही लावू नको. तू कोणाला एक शब्द बोलू नको. मी सोमवारच्या गाडीने येते. पंगत बसली आणि सुगंधाबाईने पोळी दोन बोटांत धरली की मी काही भांडणार नाही. फक्त साऱ्यांच्या देखत विचारणार, तुमच्या कोकिळाबाई कशा शेतस? बस, एवढंच.

गॅसवर खापर चालत नाही. गच्चीवर तीन विटा मांडून ठेव आणि कोरडं लाकूड बघ. ते चकचकीत दिवे काढ, डोळ्यात जातात. लोभ वाढला शे.

बेबाबाई

*

मेहरूण, ५ मे

ती. मोठ्या मायच्या चरणी सा. न. वि. वि.

तुम्ही गेलात आणि घर एकदम नीटनेटकं झालं, म्हणजे करमत नाही. बाटल्यांतले वेल तुम्ही खाली मोरीच्या पाइपाजवळ मातीत लावून गेलात ते काल सापडले. जोमात आहेत.

आता मला सांगाच. गच्चीतून धूर निघाला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी पंडितभाऊ भांडायला वर गेले आणि दोन पोळ्या खाऊन, आणखी दोन रुमालात घेऊन खाली आले, इथपर्यंत मला माहीत आहे. पहिल्या सहा पोळ्या पंगतीत आल्या तेही पाहिलं. पातळ तर इतक्या की खालची ताटाची नक्षी दिसत होती, पण भोकातून जाळ लागून प्रत्येकीच्या मधोमध एक काळा टिकला आणि कडेला मोराचा पाय. हे म्हणाले, मोर येऊन एका पायावर नाचून गेला. सगळे हसले. आमच्या आजीने पोळी दोन बोटांत धरली. मी आमरसाचं पातेलं घेऊन उभी होते आणि वाढायचंच विसरले, कारण तुम्ही तिच्यासमोर येऊन उभ्या राहिलात.

तुम्ही तोंड उघडलंत. आजीने वर पाहिलं. ती पोळी खाली ठेवेचना, उजेडाकडे धरून लहान पोरीसारखी नुसती पाहतच राहिली. आणि तुम्ही कोकिळाबाईंचं काढलंच नाही! तुम्ही म्हणालात, विहीणबाई, चला वर, मला जाळ धरायला माणूस पाहिजे. तिला घेऊन गेलात आणि गच्चीच्या दाराला पलीकडून कडी.

दीड तास, मोठी माय! भर एप्रिलच्या उन्हात. मी दाराला कान लावला तर आधी काहीच नाही, मग तुम्ही कोणावर तरी ओरडत होता की कोपर खाली घे, आणि मग दोघी हसत होता. हसता हसता काहीतरी फुटल्याचाही आवाज आला.

खाली आलात तेव्हा डब्यात बावीस पोळ्या. तळाच्या सुरेख. त्यावर एक गोधडीएवढी जाड, एक मधूनच फाटलेली, एक तर नुसता पुरणाचा गोळा पळून जाताना पकडल्यासारखा. मग पुन्हा हळूहळू बऱ्या. आजीच्या कोपरापर्यंत पीठ होतं, नाकालाही होतं. आणि तुम्ही सगळ्यांसमोर ती गोधडी स्वतःच्या ताटात ओढून म्हणालात की आज माझा हात बिघडला, धुळ्याकडच्या पोळ्या जरा अंगानेच असतात. आजीने मान खाली घातली आणि पदराने डोळे पुसले. म्हणाली, धूर गेला.

आजीला विचारलं तर म्हणते बेबाला विचार. तुम्हाला ती कधीपासून बेबा म्हणायला लागली? काल तिचा फोन होता, सोनगीरचा झुलाल कुंभार कोणत्या वारी घरी असतो म्हणून. मोठी माय, वर काय झालं? मी कोणाला सांगणार नाही, फोनही बंद ठेवते.

माया असू द्या, पण उत्तर आधी द्या.

भाविका

*

सोनगीर, ९ मे

चि. सौ. भाविकास अ. आ.

फुटली ती वीट. जाड पोळी माझी होती. फाटलेली माझी. पळालेली पण माझीच. माझं वय झालं, बाई. आणि तुझ्या आजीच्या हाताला पीठ होतं कारण ती मला परात धरून देत होती. नाकाला होतं कारण नाक खाजलं.

हिलालचा टेम्पो उद्या निघतोय. तुझ्याकडून येताना सोबत आणलेलं सासूचं खापर त्याच्याबरोबर परत पाठवते. भोक पडलं ते पडलं, जाळाला आता ते उपयोगाचं नाही. मोगरा त्यातच लाव, मुळांना मोकळं होईल. मोर पुन्हा काढ, पण यंदा पाय नीट काढ. त्या पायाला बोटं पाच होती. मोराला कधी पाहिलंस का? सोनगीरच्या किल्ल्याकडे ये, दाखवते. फुलं आली की दोन ओंजळी हिलालकडे दे. मला डोक्यात घालायला नको, माठाजवळ ठेवेन. आबा म्हणतात म्हातारपणी बेबाला सजावट सुचली. आबांना काय बोलली ते कागदावर लिहीत नाही.

झुलालकडून दोन नवी खापरं घेतली. रोज तापवते, रोज तेल लावते. पुढच्या आखाजीपर्यंत पोळी सोडायला लागतील. दोन कशाला, ते विचारू नको. त्यातलं एक फैजपूरला का जाणार, तेही विचारू नको. आणि कोकिळाबाई हे नाव मी कधी ऐकलेलं नाही. तुझं पत्र चुलीत गेलं.

लोभ भरपूर शे, सांडायच्या आत संपव.

बेबाबाई

ता. क. गच्चीवर काय झालं ते मी देवीलासुद्धा सांगितलं नाही. तुला तर नाहीच. पुन्हा विचारलंस तर पत्र न फोडता परत पाठवीन. सांगणार नाही.