उलट्या पारड्याचा फोटो

२ जून, मंगळवार

आज खिसेकापू सापडला. सापडला म्हणजे काय — मासळीच्या ओळीतून कुणीतरी ‘चोर’ म्हणून ओरडलं आणि बाजार धावला. मी तेव्हा कोंबडीवाल्या जिराह मावशीचे फोटो काढत होते. तिनं हातातली अर्धी कापलेली कोंबडी टोपलीत टाकली आणि सुरी घेऊन तशीच पळाली. पासष्टीची बाई! मी तिच्या मागे.

पोरगा विशीतला असेल. लाथा, लोखंडी वजनं, बर्फ फोडायचा टोचा. मी नारळाच्या पोत्यावर चढले आणि घेत सुटले. फोटो फार चांगले आलेत. उघडं तोंड, त्यातलं रक्त, मागे टोमॅटोचा ढीग, आणि त्याचा एक दात जवळच बसणाऱ्या कास्मीच्या टेम्प्याच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, वड्यांवर, केळीच्या पानावर पडलेला. कास्मीनं तो दात पानासकट गुंडाळून गटारात टाकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला वड्या बांधून दिल्या.

पोरगा मेला नाही. पोलीस आले तेव्हा सगळे भाजीवर पाणी मारत होते. कुणी काही पाहिलं नव्हतं. कोण ओरडलं हे आमच्या बाजारात कुणी कुणाला विचारत नाही, पोलीससुद्धा उगीच आपलं विचारायचं म्हणून विचारतात. मावशीनं मला फोटो पुसायला लावले. पुसले — एक सोडून.

मावशी म्हणते मला रक्ताची चटक आहे. असेल. बाबांनी बाजाराच्या तोंडावर हा स्टुडिओ काढला आणि जन्मभर ओळखपत्रांसाठी ताठ बसलेल्या माणसांचे फोटो काढले. मला ताठ बसलेली माणसं बघवत नाहीत.

५ जून, शुक्रवार

कास्मी शेवटी तयार झाली! दीड वर्ष मागे लागले होते. ‘तोंड नाही यायचं, वेनिंगताई. फक्त हात,’ एवढी एकच अट. का, ते मी विचारलं नाही. बाजारात निम्म्या बायकांना तोंड दाखवायचं नसतं.

उजाडताना गेले. भवानीची नोट हातात आली की इथल्या सगळ्याच बायका ती मालावरून आपटत फिरवतात, म्हणजे दिवसभर माल खपतो. कास्मीची तऱ्हा वेगळी. ती आधी तराजूचं पारडं काढून उलटं करते, त्याच्या पाठीवर नोट आपटते, मग वड्यांवर. पितळी पारड्यावर पहिलं ऊन, काळपट बोटं, नोट हवेत. श्वास रोखून घेतला. चांगला फोटो आला की पोटात कळतं, आज कळलं.

९ जून, मंगळवार

स्टुडिओच्या फेसबुकवर टाकला होता. हजारो लोकांनी पुढे पाठवला. सेमारांगच्या एका मोठ्या वर्तमानपत्रातून फोन आला. मी! रेम्बांगच्या बाजारातली पासपोर्ट फोटोवाली! कास्मीला दाखवला तर लाजली. ‘हात बरे दिसतायत की माझे,’ म्हणाली. संध्याकाळी दोघींनी तळलेली मासोळी खाल्ली, माझ्याकडून.

१२ जून, शुक्रवार

फोटोखाली कुणीतरी लिहिलंय — ‘पारडं उलटं करून भवानी करणारी बाई आमच्या वाडीची. दुसरीकडे कुठे असं करत नाहीत. कोण हो ही? कुठला बाजार?’ त्याच्या खाली दुसऱ्यानं लिहिलंय — ‘रेम्बांग. मागे फोटोवाल्याची पाटी दिसते बघा.’

पाटी दिसते. माझीच पाटी. तोंड येऊ नये म्हणून इतकी जपले आणि मागे आमचं नाव ठेवून दिलं.

कास्मीला वाचून दाखवलं. ती तिथेच खाली बसली. म्हणाली, सगळेच असं करतात वाटायचं मला. आईनं शिकवलेलं, हात आपोआप जातो. मग स्टुडिओचा पडदा ओढून तिनं ब्लाऊज वर केला आणि पाठ दाखवली. मी पुष्कळ जखमा पाहिल्यात, कॅमेऱ्यातून. अशा जवळून, नुसत्या डोळ्यांनी नव्हत्या पाहिल्या. खांद्यापासून कमरेपर्यंत कोयत्याची रेघ, वाकडीतिकडी शिवलेली. नवऱ्यानं केलंय. तुकिरान नाव. गावाकडे ती सारिनेम, इथे येऊन कास्मी झाली.

मुलगी मागे राहिली. नुरुल, आता नऊ वर्षांची. रक्त गळत असताना कास्मीला एकटीलाच भिंतीवरून उडी मारता आली. तेव्हापासून वड्या विकून खोली घेतली, बाज घेतली, मुलीला कधीतरी गुपचूप आणायची म्हणून. आणि आता तोच येणार. माझ्यामुळे.

फोटो काढून टाकला. काय उपयोग? लोकांच्या फोनमध्ये आहेच.

१३ जून, शनिवार

कास्मी पळून जायचं म्हणते. जिराह मावशी अशी भडकली! ‘कुठकुठं पळशील? प्रत्येक वेळी एक कोयता आणि एक नवीन नाव?’ तिनं कास्मीला मिठागराकडे आपल्या बहिणीच्या घरी धाडलं. मग पिसं उपटता उपटता मला तिचा बेत सांगितला. तो आला की फोटोवालीलाच विचारणार, पाटी तुझी आहे. सारिनेम म्हणून विचारेल, त्यावरूनच ओळखायचं, ते नाव इथे दुसऱ्या कुणाला माहीत नाही. मग एकच शब्द ओरडायचा.

मी म्हटलं, मावशी, मरेल तो.

‘मग?’ म्हणाली. ‘तिला मारू द्यायचं का?’

मी खाली पडलेली पिसं गोळा करायला लागले.

१५ जून, सोमवार

कुणी नाही. दारात मोटारसायकल थांबली की काउंटरमागून उठून बघते.

१६ जून, मंगळवार

एक माणूस दारात उभा राहून आत बघत होता. घसा मोकळा केला मी. त्याला लग्नासाठी फोटो हवा होता. दोन फोटो हलले.

१७ जून, बुधवार

आज मोठा बाजार होता, पाय ठेवायला जागा नव्हती. तो आला.

मी राक्षस डोळ्यांपुढे धरून बसले होते. आला तो खप्पड गालांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, खांद्याला पिशवी. चपला बाहेर काढून आत आला. फोनवर माझाच फोटो दाखवला आणि अगदी नरम आवाजात म्हणाला, ‘ताई, ही सारिनेम कुठं बसते? मी तुकिरान. मला तिला भेटायचंय, तुम्ही पाहिजे तर बरोबर या.’

पाठीवरची रेघ आठवली. त्याचा दुसरा हात पाहिला — पिशवीच्या तोंडाशी होता. मी काउंटरवरून उठले, त्याला ढकलून दारात आले आणि ओरडले. बाबांच्या स्टुडिओच्या दारात उभी राहून, पोटातून ओरडले. दोनदा.

तो चपला घालायला वाकला होता. म्हणजे पळतसुद्धा नव्हता. मासळीवाले आधी पोचले, मग हमाल, मग सगळेच. पिशवी हातातून सोडेना म्हणून बोटांवर वजन हाणलं. तो काहीतरी सांगत होता. जिराह मावशी सुरी घेऊन आली, पण तिला आत शिरायलाच मिळालं नाही, एवढी गर्दी. एका बाईनं — जिच्याकडून मी रोज मिरच्या घेते — वरवंटा घातला. डोक्याचा आवाज पिकलेलं कलिंगड टाकल्यासारखा आला. शर्टाची इस्त्री मात्र एका बाहीवर तशीच होती.

कॅमेरा माझ्या गळ्यात होता. एकही फोटो घेतला नाही.

१८ जून, गुरुवार

तुकिरान मेला. पोलीस आले. दारापुढची जागा धुतलेली, सगळे गिऱ्हाइकांत दंग. मला विचारलं, तुमच्या दारातच झालं, कोण ओरडलं? मी म्हटलं, आत लग्नाच्या फोटोंचं काम चाललं होतं. हवालदारानं लिहून घेतलं आणि चहा प्यायला.

पिशवी त्यांनी माझ्याच काउंटरवर रिकामी केली. सुरा निघेल म्हणून मी मान पुढे काढली. लहान मुलीचा शाळेचा गणवेश, दोन फ्रॉक, कंगवा, शाळेचा दाखला. बास.

मावशी म्हणाली, आमिष असणार. मुलीचे कपडे दाखवून हिला गल्लीत नेलं असतं. असं करतातच ते. मीही म्हटलं, असंच असणार. तिनं मला एक अख्खी कोंबडी दिली. घरी आणून शिजवली, पण गिळवली नाही. मांजराला घातली.

कोयता मारणाऱ्यानं कोयता मारलाच होता. रेघ मी स्वतः पाहिली आहे. हे पुन्हा पुन्हा लिहायला नको, पण लिहिते आहे.

१९ जून, शुक्रवार

कास्मीला मिठागरावरून आणायला मावशी गेली. मी गेले नाही. ताप आहे असं सांगितलं.

२० जून, शनिवार

सकाळी कास्मी जागेवर परत येऊन बसली. ओळीतल्या सगळ्या जणी तिला बघायला जमल्या, मीही गेले. तेवढ्यात माझ्या दारासमोरची सरबतवाली एका मुलीचा हात धरून आली. बुधवारी बाप हिला तिच्या छत्रीखाली बसवून, सरबत घेऊन देऊन समोर गेला होता. नंतर सरबतवालीनं हिला घरी नेलं, पण मुलगी तीन दिवस एक अक्षर बोलली नाही, म्हणून कुणाकडे पोचवायची ते कळेना.

कास्मीनं लांबूनच ओळखलं. वड्या उडाल्या, पारडं उडालं. नुरुलला छातीशी धरून ती असं काही रडली की जिराह मावशीनंसुद्धा तोंड फिरवलं. मुलगी रडली नाही. आईच्या कानाशी म्हणाली, ‘बाबा मला तुझ्याकडे सोडायला आले होते. ते बोटीवर जाणार होते कामाला.’

मग आईच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडे बोट केलं.

‘आई, चोर म्हणून ह्या ओरडल्या.’