महालक्ष्म्यांच्या पेटीतली फाइल

प्रिय आई,

'प्रिय' लिहायला जिवावर आलं होतं. पण तुला दुसरं काही म्हणून हाक मारायची सवय नाही, म्हणून लिहिलं. त्यावरून लगेच विरघळू नकोस.

गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. उजवा स्तन काढणार आहेत. हे मला तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, तुझा चेहरा बघत, आणि मग कडकडून भांडायचं होतं. तू दीड वर्षापूर्वीच निसटलीस! आता पत्राशिवाय माझ्या हातात काय आहे?

दहाव्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर पिंड ठेवला न ठेवला, तोच कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "कशातच जीव अडकला नव्हता बाईचा," असं जो तो म्हणत होता. मीही रडत रडत मान डोलावली. कसा अडकला नव्हता गं? एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून गेलीस, आणि कावळ्याला एक मिनिट थांबवावंसंही वाटलं नाही तुला?

श्रावणात अंघोळ करताना गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून जास्त भीती वाटली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेले. पोरगेलीशी मुलगी होती. तपासता तपासता तिची नजर माझ्या गळ्याखालच्या तुळशीच्या गोंदणावर थांबली.

"यह गोदना कब करवाया?"

"शादी से पहले. भेड़ाघाट के मेले में."

"और इसके बीच में जो नीली बिंदी है, वो? वैसी दो और हैं, इधर और उधर. बचपन में छाती की सिकाई हुई थी?"

बघ आई, तुझी शिकवण किती पक्की. मी पापणी न लववता म्हटलं, "नहीं. टीबी की गाँठें थीं." तिने पेन खाली ठेवलं. "दीदी, टीबी में कोई ऐसे निशान नहीं लगाता."

त्या खुर्चीत मला पहिल्यांदा तुझा राग आला.

बाराव्या वर्षी माझ्या मानेत गाठी आल्या तो कॅन्सर होता, हे तुला, बाबांना आणि मला, तिघांनाच ठाऊक. दादालासुद्धा तू टीबीच सांगितलंस. नागपूरला औषधं झाली, मग छातीवर रेडिएशनचा शेक झाला. शेक रोज एकाच जागी पडावा म्हणून ते निळे ठिपके टोचले होते. मी बरी झाले. आणि पुढे लग्नाचं ठरवायची वेळ आली, तेव्हा ब्लाउजच्या गळ्यातून दिसणाऱ्या ठिपक्यावर तू मला तुळस गोंदवून आणलीस. "नवरा विचारल काही, त्याच्यापेक्षा हे बरं," म्हणालीस. आणि काय खूश होतीस त्या दिवशी!

डॉक्टरने मला समजावून सांगितलं. ज्या शेकाने तेव्हा जीव वाचवला, तोच वाढत्या वयाच्या छातीला पुढे बाधू शकतो. अशा मुलींना स्तनाचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा खूप लवकर होऊ शकतो. सगळ्यांना होतोच असं नाही, पण पंचविशीपासून दरवर्षी तपासत राहिलं तर गाठ लहान असतानाच सापडतो. "आपको किसी ने बताया नहीं?" तिने विचारलं. जुने कागद मागितले.

मी म्हटलं, कागद आईने नर्मदेत सोडले. कारण तू तसंच सांगितलं होतंस ना? मी बरी झाले म्हणून फाइल, रिपोर्ट, सगळं ग्वारीघाटाला नेऊन वाहून टाकलं, रोगही गेला आणि कागदही गेले. मला ते किती आवडायचं! मैत्रिणींना सांगता येत नव्हतं, एवढंच दुःख होतं.

मग भाद्रपद आला. गेल्या वर्षी तू गेल्यामुळे महालक्ष्म्या बसल्या नव्हत्या. यंदा वहिनीने मला बोलावलं. "ताई, पेटी तुम्हीच उघडा. मला तर आईंनी कधी हातही लावू दिला नाही."

खरंच की! मुखवट्यांची ती पेटी तुझ्याशिवाय कोणी उघडलीच नाही. सोवळं म्हणून आम्ही लांब राहायचो. मी ज्येष्ठेचा मुखवटा काढला, कनिष्ठेचा काढला, खालचं जुनं लुगडं उचललं आणि खाली फाइल.

नर्मदेत सोडलेली फाइल, कोरडी ठणठणीत!

शेवटच्या पानावर नागपूरच्या डॉक्टरांनी तुला इंग्रजी येत नाही म्हणून मराठीत लिहून दिलंय. 'मुलीची पंचविशीपासून दरवर्षी छातीची तपासणी करावी. विसरू नये.' विसरू नये या शब्दांखाली दोन रेघा. आई, तू विसरली नव्हतीस. दरवर्षी मुखवटे काढताना ती फाइल तुझ्या हाताला लागत होती. पंचविशीत तू मला तपासणीला नेलं नाहीस, शालू घ्यायला नेलंस.

बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "कोई पुरानी बीमारी?" तेव्हा सासूबाई समोर होत्या आणि तू माझा हात दाबलास. मी नाही म्हटलं. माझीही चूक आहे, कबूल. पण हात कोणाचा होता?

मी ठरवलं, सूड उगवायचा. मेलेल्या माणसाला कुठे दुखेल? जे त्याने जन्मभर झाकलं, तिथेच. महालक्ष्म्यांच्या जेवणाला जबलपुरातल्या आपल्या ओळखीच्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. पानं वाढून झाली. मी फाइल घेऊन मधोमध उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कॅन्सर, शेक, तुळस, पेटी, काही ठेवलं नाही. ते मराठीतलं वाक्यही मोठ्याने वाचलं. वहिनीच्या हातातली आंबील तशीच राहिली. तुझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी पानाकडे बघत बसल्या. मला फार बरं वाटलं आई, खोटं कशाला सांगू!

मग सासूबाई बोलल्या. मला वाटलं होतं, चिडतील.

"खरं सांगू का मीनल? तवा सांगितलं असतं, तर मी हे लग्न होऊ दिलं नसतं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"पण मग तू माहेरी राहून तरी वेळेवर डॉक्टरला दाखवून आली असतीस. काहून असं केलं तुझ्या आईनं? आणि आमच्यासारख्यांच्या भीतीनं केलं ना?" एवढं म्हणून त्या पानावरून उठल्या. त्या दिवसापासून हॉस्पिटलच्या प्रत्येक फेरीला त्याच येतात. माझ्या नवऱ्याला म्हणतात, "तू नोकरी कर, मी जाते."

तुझी भीती खोटी नव्हती, हे ऐकून माझा राग अर्धा व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. स्थळ हातचं जाईल याची तुला इतकी भीती, आणि मी हातची जाईन याची नाही?

फाइल खरोखरच नर्मदेत सोडली असतीस, तर मला सोपं गेलं असतं. अडाणी होती, घाबरली, असं म्हणून सोडून दिलं असतं. तू ती फेकलीही नाहीस आणि दिलीही नाहीस. म्हणजे कधीतरी देणार होतीस का? कधी? मला विचारायचंय, आणि तू नाहीस!

नागपूरहून औषधं घेऊन परतताना सिवनीच्या रस्त्यावर बसमध्ये मला उलट्या व्हायच्या. तू पदर ओंजळीसारखा धरायचीस. पूर्ण बसदेखत, न लाजता. ती बाई नंतर कोणाला एवढी लाजायला लागली गं? मला तीच हवी होती.

आता शेक पुन्हा देता येणार नाही, म्हणून पूर्ण स्तन काढायचा. काखेतही काही सापडलंय. पुढचं डॉक्टर ऑपरेशननंतर सांगणार. मी मुलाला सगळं खरं सांगितलंय, रोगाचं नाव घेऊन. तो नऊ वर्षांचा आहे. तुझ्यापेक्षा धीराने ऐकलं त्याने.

सगळे मला सांगून राहिले, आईला माफ कर, मन हलकं होईल, मग ऑपरेशनला जा. कोणी तुझ्या फोटोपुढे दिवा लाव म्हणतं. मी लावला नाही. आणि आता शब्द देते, नीट ऐक.

तू त्रेसष्टाव्या वर्षी गेलीस. मी छत्तिसाची आहे. मी चौसष्टाची होईपर्यंत तुला माफ करणार नाही. त्याआधी एक दिवसही नाही, कोणी कितीही समजावलं तरी नाही. तुला माफी हवी असेल ना, तर तोवर मला जगव. देवापुढे बस, भांड, पदर पसर, काय करायचं ते कर.

तोपर्यंत तुझ्यावर मनापासून चिडलेली,
तुझी मीनल