आई रोज पेणला जाते

६ जानेवारी २०२५, सोमवार

आई खोटं बोलली. माझ्या तोंडावर!

स्पॅनिश घागऱ्यांचं शिवणकाम शनिवारीच संपलं. माझ्या वर्गातल्या माहिरानेच सांगितलं, ती कॉलेजच्या स्पॅनिश नाचात आहे — चौदाच्या चौदा घागरे इस्त्री होऊन पेटीत गेले. आणि आज मी कॉलेजातून घरी येते, तर ही दीडच्या एसटीने पेणला निघालेली! म्हटलं, आता कशाला? पदर खोचत म्हणते, "झालरी उसवल्यात गो. काम हाय."

नव्या कोऱ्या झालरी उसवतात कशा?

९ जानेवारी, गुरुवार

पेणला आमच्या कॉलेजात स्पॅनिश महोत्सव आहे, एक फेब्रुवारीला. इनेस नावाच्या बाई आपली मंडळी घेऊन स्पेनहून आल्यात. आधी नाच — लाकडी फळ्यांवर टाचा आपटून, टाळ्यांच्या ठेक्यावर. मग छोटा ऑपेरा, आपल्या संगीत नाटकासारखा, थोडं बोलणं, बाकी गाणं. नाचाला, कोरसला आमचीही मुलं-मुली. आईला शिवणकामासाठी बोलावलं तेव्हा मीच खूश झाले होते. आता वाटतं, कशाला हिचं नाव सुचवलं!

माझं कॉलेज सकाळचं. मी अष्टमी गावात घरी पोचते, तेव्हा ही पूल ओलांडून रोह्याच्या स्टँडवर निघालेली असते. येते सातला.

काय काय बदललंय ते लिहून ठेवते. तळलेलं बंद. लोणचं बंद. सारखं कोमट पाणी. गालात ज्येष्ठमधाची काडी. भांडी घासताना काहीतरी गुणगुणते — शब्द आपले नाहीत. मी आत गेले की गप्प!

पंचेचाळीसाव्या वर्षी कुणासाठी बारीक व्हायचंय हिला?

१३ जानेवारी, सोमवार

कळलं कुणासाठी.

लायब्ररीत मुद्दाम थांबले. संध्याकाळी पेणच्या स्टँडवर उसाच्या गाड्यामागे उभी राहिले. सुजय सरांची बाईक आली. संगीत विभागाचे ते, गिटार शिकवतात. मागे आई! उतरली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसली. असं हसताना मी तिला कधी पाहिलेलंच नाही. बाबांशी फोनवर तर नाहीच.

एकाच एसटीत बसलो असतो म्हणून मी पुढची गाडी धरली. घरी विचारलं, "कशी आलीस स्टँडवर?"

"चालत."

१४ जानेवारी, मंगळवार

तीळगूळ. गोड बोलायला तोंडच उघडलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार



आज हॉलच्या बाजूच्या दारातून पाहिलं. आत खुर्च्या रिकाम्या. स्टेजच्या कोपऱ्यात आई डोळे मिटून उभी. सुजय सर मागे, त्यांचा तळवा तिच्या पाठीवर. सपाट ठेवलेला. "सोडू नका... सोडू नका," असं काहीतरी म्हणत होते. ती हललीसुद्धा नाही!

मी फोटो काढला. का काढला? माहीत नाही. पुरावा हवा वाटला. काढला आणि पळाले.

१९ जानेवारी, रविवार

बाबांना सांगून टाकलं.

मस्कतहून पंधरा दिवसांनी एकदा त्यांचा फोन येतो — कंपनीत शिफ्ट, वेळ नसतो. नऊ वर्षं हेच. वाटलं, ओरडतील, आजच्या आज विमान पकडतील. तर विचारलं एवढंच,

"फोटो हाय?"

"हाय."

"पाठव. तारीख लिही खाली. आईला काय बोलू नको. शहाणी माझी पोर!"

शहाणी म्हणाले. कितीतरी वर्षांनी. फोन ठेवल्यावर छाती हलकी झाली.

२४ जानेवारी, शुक्रवार

बाबांचा आता रोज फोन! जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय — एवढंच विचारून लगेच, "आज कधी आली? बाईकवर होती का?" सगळं विचारतात, पण 'मी येतो' असं एकदाही म्हणाले नाहीत.

आज बाईकचाही फोटो पाठवला.

१ फेब्रुवारी, शनिवार

मला जायचंच नव्हतं. माहिराने हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं आणि स्वतः विंगेत पळाली.

नाच सुरू झाला तशी फळ्यांची धडधड खुर्चीतून अंगात शिरली. आईच्या झालरी भोवऱ्यासारख्या उठत होत्या. मी मात्र सुजय सरांकडे डोळे लावून.

मग ऑपेरा. त्यात गावातलं लग्न. नवरीभोवती बायकांचा कोरस, सगळं स्पॅनिशमध्ये. अचानक वाद्यं थांबली. काळी शाल घेतलेली एक बाई पुढे आली. आई!

तिने धवला धरला. आपल्या लग्नात धवलारीण गाते तो! आजी गायची खाडीकाठच्या गावांतून. आईला येतो हे मला माहीतच नव्हतं. माईक नाही, काही नाही. मोकळा, थोडा खरखरीत, छातीतून वर येणारा आवाज. इनेसबाई विंगेत उभ्या राहून रडत होत्या. तिच्या ओळी संपल्या आणि स्पॅनिश कोरसने तोच सूर उचलला. लोक उठून उभे राहिले. मला उठताच येईना.

नंतर सुजय सर आले. म्हणाले, "प्रतीक्षा, तुझ्या आईचा दम केवढा आहे! शिवताना गुणगुणत होत्या, ते इनेसबाईंनी ऐकलं आणि गायलाच उभं केलं. फक्त श्वास पाठीत कसा भरायचा तेवढं दाखवलं मी."

पाठीत.

आईला विचारलं, सांगितलं का नाहीस? "लग्न झाल्यावर तुझे बाबा बोलले, असलं गाणं आपल्या घरात नको. तवापासून गायला तोंड नाय उघडलं. म्हटलं इथं जमलं नाय तर तुझ्या कॉलेजात तुझंच हसं होल."

घरी येईपर्यंत तिने माझा हात धरला होता. घरात शिरताच मी सोडवून घेतला.

२ फेब्रुवारी, रविवार

बाबांना सगळं सांगितलं. "गाणं होतं हो, बाबा! माझी चूक झाली. फोटो काढून टाका."

"फोटोत दिसतं ते दिसतं."

"पण मी सांगतेय ना—"

"तू अभ्यास कर."

कट! परत लावला, उचलला नाही. चार वेळा लावला.

त्यांना माझे फोटो खोटे ठरायला नको आहेत. असं का?

१० फेब्रुवारी, सोमवार

रोजचे फोन बंद. आईला अजून सांगितलेलं नाही. ती घरात मोठ्याने गाते आता. मला ऐकवत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वकिलाची नोटीस आली. बाबांना घटस्फोट हवाय — 'पत्नीची वर्तणूक'. सोबत माझे दोन्ही फोटो, माझ्याच तारखांसकट.

आईसमोर बसले आणि सांगितलं, मी काढले.

तिने कागद घडी करून बाजूला ठेवला. "रडू नको. त्याला कारण हवं होतं. तिकडं दुसरा संसार हाय त्याचा. चार वर्षांची मुलगी हाय. मना वर्षभर ठाव हाय गो. तुझी परीक्षा होऊ दे, म्हणून थांबलेली."

मला बहीण आहे. तिचं नाव विचारायचा धीर झाला नाही.