जीभ अजून तो कोपरा शोधते

तीर्थरूप आप्पांस,

साष्टांग नमस्कार. तो कागदावरच घालतो आहे. मान आणि कंबर हे दोन अवयव दंतवैद्याने धंद्याला वाहिलेले असतात, आणि आज इथे जमिनीवर आडवा झालो तर उठवायला कोणी नाही. रविवार आहे. दवाखाना बंद आहे. कागदही दवाखान्याचाच आहे, वर कोपऱ्यात माझा हसरा फोटो छापलेला. त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. मला आजवर जमलेलं नाही, तुम्हाला कदाचित जमेल.

पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध. पण लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. उद्या सकाळी तुमची नात मैत्रेयी माझ्या खुर्चीत बसणार आहे. रोज माझ्या शेजारी उभी असते तशी नव्हे, खुर्चीत, पेशंट म्हणून. आणि तिचा पुढचा वाकडा दात मी तासायचा आहे.

हो, तोच. तुमचा.

आपल्या घराण्यात शेत नाही, सोनं नाही. पिढीजात म्हणावं असं एवढंच होतं: वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डावा उजव्यावर जरासा चढलेला, पायावर पाय टाकून बसलेल्या गृहस्थासारखा. तुमचा तसा होता, माझा तसा होता, मैत्रेयीचा तसा आहे. आई म्हणायची, बारशाच्या आधी हा दात येतो यांच्या घरात.

वाशीच्या सेक्टर नऊमधल्या त्या दोन खोल्यांमध्ये सकाळी बेसिनपाशी आपण दोघं उभे राहायचो, आठवतंय? तुम्ही तुमचं काळं दंतमंजन बोटाने लावणार, मी ब्रश, आणि तोंडात फेस असतानाच तुम्ही मला राम चालवायला लावणार. रामः म्हटलं की विसर्गाबरोबर फेस आरशावर उडायचा. "विसर्ग स्वच्छ आला, आता आरसा स्वच्छ कर." शाळेत तुमच्या संस्कृतच्या तासाला मुलं पेंगायची म्हणे. मला ती चैन कधी मिळाली नाही.

मेडिकल थोडक्यात हुकलं तेव्हा आई दोन दिवस धड जेवली नव्हती. तुम्ही पेपरची घडी घालून म्हणालात, "दातही शरीरातच असतात." संपलं. माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा निकाल एका वाक्यात. त्या वाक्याबद्दल तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं. वाक्यात चूक काढता येत नाही, हीच तुमची वाईट खोड.

सुरुवातीला ते खरंही होतं. मार्केटमधले माथाडी यायचे, गाल धरून. दाढ काढली की खुर्चीतून उठताना त्यांचा चेहरा बदललेला असायचा. एकाने तर जाताना भोपळा आणून ठेवला होता आणि तुम्ही आईला म्हणाला होतात, "बघ, गुरुदक्षिणा कशी द्यावी हे याला कळतं, माझ्या विद्यार्थ्यांना नाही." मग सेठी भागीदार झाला, आणि दवाखान्याचं 'स्माइल स्टुडिओ' झालं. आता कोणी गाल धरून येत नाही. मोबाइल धरून येतात. त्यात कुठल्यातरी नटीचं हसू असतं आणि तसंच पाहिजे असतं. महाप्याच्या ऑफिसातली पोरं सगळ्यात पांढरी छटा निवडतात. बेसिनचा रंग तसा असतो, माणसाचा नसतो. कुंदकळ्यांसारखे दात म्हणणाऱ्या तुमच्या कवींनी कुंदाची एक तरी कळी नीट पाहिली होती. यांनी फक्त फिल्टर पाहिलेत.

तुम्ही एकदा विचारलं होतं, "तू नक्की करतोस काय?" मी उडवाउडवी केली होती. आता सांगतो. चांगल्या दाताचा दर्शनी थर तासायचा, नखाच्या जाडीएवढा. मग त्यावर चिनीमातीची पातळ पापडी चिकटवायची. तिला व्हीनियर म्हणतात. छान दिसते, टिकतेही. पण तासलेलं परत उगवत नाही. एकदा केलं की जन्मभर त्या दाताच्या अंगावर काहीतरी घालावंच लागतं. दुखणारा दात मी बरा करू शकतो, आप्पा. न दुखणारा बरा कसा करायचा?

माझे दात सेठीनेच केले. "श्री, डॉक्टर का मुंह ही उसका बोर्ड होता है," म्हणाला. मग तो फोटो वाशीच्या बस स्टॉपवर लागला, पुरुषभर उंचीचा. तुम्ही छत्री टेकवून त्याच्यासमोर बराच वेळ उभे होतात. मी वाट बघत होतो. मग म्हणालात, "फोटो चांगला आलाय. कोण आहे?"

मी हसलो. तेव्हा हसण्यावाचून पर्याय होता, आता नाही. त्या काळी जरा जाड पापड्या बसवायची पद्धत होती. त्यामुळे माझा वरचा ओठ पुरता मिटत नाही आणि चेहरा स्वस्थ असला तरी दात थोडे दिसतात. तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्या पायाशी उभा होतो आणि साताऱ्याची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "श्री, अरे बाप गेलाय. हसतोस काय?" काय सांगणार होतो तिला? खिशातला दवाखान्याचा मास्क काढून लावला, तो तेराव्यापर्यंत. पिंडदानाच्या वेळी गुरुजी वैतागले, "यजमान, ते काढा, मंत्र ऐकू येईनात." काढला. मंत्र स्वच्छ म्हटले, त्यांच्यापेक्षा स्वच्छ. गुरुजींना वाटलं असेल, काय आनंदी मुलगा आहे.

आता उद्याचं सांगतो.

मैत्रेयीची इंटर्नशिप संपली, ती माझ्याकडे शिकायला लागली. हात हलका आहे तिचा, माझ्यापेक्षा हलका. तिला हेच करायचंय, दातांचं सौंदर्य. हौसेने करायचंय, माझ्यासारखी घरंगळत आलेली नाही ती. मागच्या आठवड्यात जासईहून एक मुलगी आली, लग्न ठरलेली, पुढचे सगळे दात करायचे म्हणून. मी तिला खुर्चीत आडवं केलं, मैत्रेयी दिवा सरकवायला वाकली, आणि ती मुलगी खालून तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुमचा दात पन वाकराच हाय ना?"

मैत्रेयी म्हणाली, "आहे की."

"मंग तुमी का नाय केला? घरचंच दुकान हाय." तिची आजी भिंतीशी बसली होती, तिने लगेच री ओढली, "मी तेच सांगतंय हिला. आदी त्यांचा करू दे, मंग तुजा बघू." मुलगी उठून बसली, रुमाल काढून ठेवला, आणि दोघी निघून गेल्या.

आप्पा, तीस वर्षांत मला कोणी इतक्या सोप्या शब्दांत उत्तरपक्ष मांडून दाखवला नव्हता.

सेठीला हे कळायला चहाचा कप संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. "बघ श्री, पेशंट बरोबर बोलली. मैत्रेयी बेटा पुढे या स्टुडिओचा फेस होणार. लग्नाचा सीझन सुरू व्हायच्या आत तिचं स्माइल करून टाक. बाहेरचं कोण करणार, बापच करणार ना?"

मी म्हटलं, तारा लावू. दात न तासता सरळ होतो, वेळ लागतो इतकंच. यावर मैत्रेयीच म्हणाली, "म्हणजे मी तारा लावून पेशंटला सांगू, तुम्ही मात्र तासून घ्या?"

तुम्ही याला उभयतःपाश म्हणायचात आणि फळ्यावर दोन्हीकडून फास असलेली दोरी काढायचात. तेव्हा ती चित्रात होती. नाही म्हणावं, तर दिवसभर परक्यांच्या मुलींना जे विकतो ते माझ्या मुलीच्या तोंडात चालत नाही असं होतं. मग उद्यापासून जासईच्या मुलीकडे कुठल्या तोंडाने बघू? आणि हो म्हणावं, तर ते गृहस्थ पायावर पाय टाकून बसलेत, त्यांना मी स्वतःच्या हाताने उठवायचं.

हे मी तिला जरा निराळ्या शब्दांत सांगून पाहिलं. म्हटलं, अगं, तो आप्पांचा दात आहे.

"बाबा, मी काय आप्पांचं स्मारक आहे का?"

बोला. तुमच्याकडे काही उत्तर आहे? ती बरोबर आहे. तोंड तिचं, दात तिचा, आयुष्य तिचं. तुम्ही मला एका वाक्यात दंतवैद्य केलंत. मी तिला एका वाक्यात तुमचा फोटो करायला निघालो होतो, हार घालायला सोपा.

मग तिने मला एकच विचारलं. "परत ठरवायची संधी मिळाली असती, तर तुम्ही तुमचे केले असते का?"

इतक्या जणांची संमती आम्ही सहीनिशी घेतो, आप्पा, पण हा प्रश्न आजवर एकाही पेशंटने विचारला नव्हता. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, "बाहेर पेशंट बसलेत."

"दुपारची सुट्टी आहे, बाबा. बाहेर कोणी नाही." आणि ती हसली. तो दात दाखवत.

इथे माझी तुमच्यावर एक तक्रार आहे, ती जुनी आहे. सगळी वाशी माझ्या खुर्चीत बसून गेली, तुम्ही नाही बसलात. शेवटच्या वर्षी दाढ दुखायला लागली तेव्हा तुम्ही रिक्षा करून नेरूळला गेलात, भलत्याच एका डॉक्टरकडे, आणि तो मला एका लग्नाच्या पंगतीत म्हणतो, "सर, फार गोड पेशंट आहेत हो तुमचे वडील." मी जिलबीकडे बघत राहिलो. पोटच्या मुलाच्या हातावर विश्वास नाही, एवढाच अर्थ मी लावला होता. तुम्हाला कधी विचारलंही नाही. आपल्या घरात विचारायची पद्धत नव्हती, फक्त पाठांतराची होती.

खरं कारण परवा कळलं. मैत्रेयी म्हणाली, "तुमचं उत्तर मला माहितेय. आप्पांनी नेरूळला जाताना रिक्षात सांगितलं होतं." म्हणजे तीही सामील होती! मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, तिने तुम्हाला विचारलं होतं, बाबांकडे का नाही जात. त्यावर तुम्ही म्हणालात, "माझ्या दाढेसाठी तो वाकेल, आणि हा पुढचा दात त्याच्या डोळ्यांसमोर येईल. मग त्याला त्याचा आठवेल. उगाच कशाला."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्या बस स्टॉपवर छत्री टेकवून उभे होतात तेव्हापासून माहीत होतं. आणि मला वाटत राहिलं, तुम्ही ओळखलं नाहीत.

"मग आता मला कशाला विचारतेस?" मी म्हटलं.

"तुमच्या तोंडून ऐकायचंय. आप्पांच्या नाही."

तेव्हा तिच्याआधी तुम्हाला सांगतो, पाठांतर म्हणून. नाही केले असते. दिसायला वाईट नाहीत, खाताना त्रास नाही, सेठीचं काम उत्तम आहे. पण त थ द ध न म्हणताना जीभ पूर्वी त्या चढलेल्या दाताच्या कडेला जाऊन टेकायची, एक छोटासा कोपरा होता तिथे, तिच्या मापाचा. इतकी वर्षं झाली, जीभ अजून तो कोपरा शोधते. तिथे गुळगुळीत भिंत आहे. दिवसातून कितीदा तरी ती जाते आणि परत येते, आणि बाहेरून मी हसत असतो.

मी हे आजवर एकाही पेशंटला सांगितलेलं नाही. मैत्रेयीला एकदा सांगितलं की मग पुढे विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगावं लागेल. जासईची ती मुलगी परत आली तर तिलाही. मग सेठी काय म्हणेल, बोर्डावरचं ते हसू कोण उतरवेल, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला दाढा काढायला पुन्हा कोण बोलावेल, हे मला माहीत नाही. मोकळा वगैरे होतोय असं समजू नका. दोरी तीच आहे, फक्त फास कुठे आहे ते बोटाला लागलं.

तर वचन देतो. उद्या तिला खुर्चीत बसवीन. दिवा लावायच्या आधी मास्क काढीन आणि तुम्हाला म्हणून दाखवलं ते सगळं तिला म्हणून दाखवीन, कोपऱ्यासकट, एकही अक्षर न गाळता. तुमचं नाव मध्ये आणणार नाही. त्यानंतरही ती "करा" म्हणाली, तर करीन. सेठीच्या हातात देणार नाही. जितकं कमी तासता येईल तितकंच तासीन. "नको" म्हणाली, तर दिवा बंद करून दोघं खाली जाऊन चहा पिऊ, आणि तुमच्या नावाने एक कप जास्त सांगू.

श्राद्धाला आत्या येणार आहे. यंदा मास्क लावणार नाही. काय बोलायचं ते बोलू दे तिला.

तुमचा, पर्याय नाही म्हणून हसरा,
श्री