तांदळाचा डबा

४ फेब्रुवारी १९६१
डीडीटीचा रिकामा डबा मलेरिया खात्याच्या इस्टोरातून आणला. राखेनं तीनदा घासला. बायकोनं, सुशीलानं तांदूळ, बदकीले घालाची तुकडा-कनकी, सगळं त्यात भरलं. मागच्या डब्यात वर्षभर एक सोंडा दिसला नाई! साहेब म्हणतात, ही दवा माणसाले काही करत नाई.
आज फवारणी भिलाईच्या बाहेर, एका गावात. दाऊच्या, म्हणजे तिथल्या मालगुजाराच्या घरी पार सैपाकघरापावतर गेलो. माझा बाप असल्या घराच्या अंगणातूनच परत येत होता. पंप पाठीवर आहे म्हणून आत घेतात. लय बरं वाटलं.

२० फेब्रु.
आमची बदकी अंड्यावर बसून चार दिवस, तिसरं अंडं फुटलं. सु. चिडली, "तुमीच हात लावून राहिले असान." कवच कागदावानी. बोट दाबलं तं आत गेलं. शेजारच्या भिवाबाईची बदकं त्याच तळ्यावर चरतात, तिची अंडी टणक. पण तिच्या बदकांची कनकी मडक्यात असते. आपली डब्यात.

२६ फेब्रु.
सगळी फुटली. बदकी नुसत्या गवतावर बसून आहे, उठेच ना. सु. तिच्यापाशी बसून म्हणे, "हिचंबी माझ्यावानीच झालं." दोनदा गर्भ पडला तिचा. दोन्ही खेपेले डब्यातलाच तांदूळ. मले जेवण गेलं नाई.

२ मार्च
साहेबाले विचारलं, दवेनं बदकीची अंडी फुटली, तं बाईचा गर्भबी पडते का? "अरे, तेरी बीवी क्या अंडा देती है?" सगळे हसले. मीबी हसलो. थू माझ्या जिनगानीवर.

११ मार्च
सु.नं आज सांगितलं, पुन्हा दिवस गेलेत. दोन महिने झाले, भेवानं बोलली नव्हती. डबा उकिरड्यावर फेकला, तांदूळबी. मडकं आणलं.
"एवढा चांगला डबा कावून फेकला?"
"गंजला होता."
खरं कसं सांगू? आणला मीच होता.

१३ मार्च
भिवाबाईच्या ओसरीवर तोच डबा. तांदूळ भरून राहिली होती. "तुमी टाकला, म्या घासून घेतला भाऊ. सोंड्याचा लय तरास." बाजूले सून बसली होती, सातवा महिना.
तोंड उघडलं. मंग वाटलं, दवेले नाव ठेवलं अन् साहेबाच्या कानावर गेलं तं पंप जाईन. मंग हातात बापाचा झाडूच.
"चांगला आहे डबा," म्हणलो.
सुनेनं तो उचलून आत नेला.
उद्या आमच्याच घरांच्या लाइनीत फवारणी. भिवाबाईच्या सैपाकघरातबी मलेच जावं लागन. उद्या तरी तिले खरं…