पाच लाखांचं पाकीट

आंत्सिराबे, रविवार, प्रार्थना आटोपल्यावर

तीर्थस्वरूप दादा,
धाकट्या रावेलुचा दंडवत. वादळात तुझ्या घराचा पत्रा उडाला हे कळलं. तू त्याच्याखाली नव्हतास हे वाचून जिवात जीव आला. वहिनीचे गुडघे कसे आहेत? रस्ता वाहून गेल्यामुळे तुझ्या पोराच्या साखरपुड्याला तुला येता आलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं. फेनित्राचं लग्न ठरलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझं डोकं फिरणार नाही.

तुझ्या जागी मी उभा राहणार म्हटल्यावर नवऱ्या मुलीच्या, हांताच्या आजोबांनी, म्हणजे म्हाताऱ्या राबेमानानांनी, निरोप धाडला, "पाच लाखांचं पाकीट आणा, थाट नको." (पूर्वी मुलीकडच्यांना मेंढीचा मागचा भाग द्यायचे, हल्ली मेंढी पाकिटात मावते.) आता माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. जुनं फ्रँकचं चलन जाऊन अरियारी आल्याला वीस वर्षं झाली, तरी आपली माणसं कांद्यापासून शवपेटीपर्यंत सगळे भाव फ्रँकमध्येच सांगतात आणि मग पाचाने भागून अरियारी मोजतात, याची मला भयंकर चीड. बाजारात कितीजणींना मी सुनावलंय, "बाई, नोटेवर काय छापलंय ते वाच!" तेव्हा पाच लाख म्हणजे पाच लाख अरियारी, असं धरून मी पैसे उभे केले. (कुठून, ते तूर्त विचारू नकोस.) बायको म्हणाली, "अहो, म्हातारं माणूस फ्रँकमध्ये बोललं असेल." मी म्हटलं, तू भात बघ.

मुलीला मागणी घालायचं भाषण माझं फक्कड झालं. पाऊण तास, एकवीस म्हणी. मुलीच्या पणजीचं नाव घ्यायला विसरलो म्हणून रिवाजाप्रमाणे दंड झाला, तोही हसत भरला. मग हांताच्या आत्याने पाकीट उघडलं, मोजलं, पुन्हा मोजलं आणि मटकन खाली बसली. म्हातारा शाल सावरत उठला. "पंचवीस लाख फ्रँक? मी मान मागितला होता, किंमत नव्हे! माझी नात काय बाजारातला बैल आहे? उठा, चालू लागा!" फेनित्रा पांढराफटक पडला, हांता दाराआड रडायला लागली. दादा, खरं सांगतो, एकवीसपैकी एकही म्हण मला आठवेना. तुझ्या पोराचं लग्न माझ्या शहाणपणापायी मोडायला निघालं होतं.

शेवटी टोपी काढली आणि साठ माणसांसमोर म्हणालो, "आजोबा, मी गाढव आहे. तुम्ही फ्रँक म्हणालात, मी अरियारी भरले." कोपऱ्यातून एक कांदेवाली ओरडली, "हाच तो! हाच मला नोट वाच म्हणतो!" सगळ्या बैठकीत हशा फुटला. म्हातारा तर इतका हसला की कवळी हातात आली. त्याने एक लाख ठेवून घेतले, चार लाख परत दिले आणि मला दंड ठोठावला: परतीच्या नोटा सगळ्यांसमोर मोठ्याने फ्रँकमध्ये मोजायच्या. मोजल्या. थेट वीस लाखांपर्यंत. कांदेवाली टाळ्या वाजवत होती.

परतीचे चार लाख फेनित्राबरोबर पाठवतोय. न्यायाने ते तुझेच आहेत.

तुझा आज्ञाधारक,
रावेलु

ता. क. लग्नाच्या जेवणासाठी माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या डुकराची तू दर पत्रात चौकशी करतोस. पाकीट त्यानेच भरलं होतं. तेव्हा लग्नाला येताना दुसरं घेऊन ये, जरा जाडसर बघ.

ता. क. २. फेनित्राकडच्या पाकिटात ऐंशी हजार अरियारी निघतील. लग्नात माझ्या अंगावर नवा कोट दिसेल, त्याचा याच्याशी संबंध जोडू नकोस. फ्रँकमध्ये मोज, चार लाख बरोबर भरतील. म्हाताऱ्याने लावलेली सवय, सुटत नाही बघ.